अर्धवट शिट्टी

१

रविवारी सकाळी कापलेल्या डहाळ्या टाकायला माळी हॉटेलच्या कठड्यापाशी आला आणि खाली बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. पुळणीवरच्या सपाट खडकावर कुणाचे तरी कपडे होते. बाहेरच्या माणसाने इथे उतरायचं नाही, असा मालकाचा हुकूम होता. आता हे जे कोण होतं त्याला खडसवायचं काम माळ्याचंच. तो वाट बघत उभा राहिला. खडकाआड गेलं असेल, येईल. कोणी आलं नाही. मग मात्र त्याने कात्री खाली टाकली आणि धावत जाऊन फोन केला.

निसर्गाने या गावाला वाळू देताना हात आखडताच घेतला होता. सलग किनारा नाहीच. खडकांच्या रांगेत कुठे ओंजळभर, कुठे पसाभर, अशा चिमुकल्या पुळणी लपलेल्या. गावात नव्या आलेल्या फौजदार बाईंना त्यातल्या निम्म्या अजून ठाऊक नव्हत्या. ही त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती अशी.

खडकावर सुती पोशाख घडी घालून ठेवलेला होता. चपला शेजारी शेजारी. चष्मा डबीत. सगळ्यांच्या वर एक शिट्टी, जाड विणलेल्या नाडीची. बाईंनी नाडी बोटांत चोळून पाहिली. कोरडी, मऊ होती.

शिट्टी बघताच बरोबरच्या हवालदाराचा चेहरा उतरला.

"शिट्टीबाई," तो म्हणाला. "शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त झाल्या. मॅडम, या गावात ज्याला पोहता येतं ना, त्याला त्यांनी शिकवलेलं असतं. मलासुद्धा. पण त्या बुडतील? मासा बुडाला म्हटल्यासारखं झालं हे."

शेजारी कापडी पिशवी होती, तिच्यात दोन टॉवेल. पिवळा इस्त्री केल्यासारखा कोरडा. हिरवा ओलागच्च, वाळूने भरलेला, कसाबसा कोंबलेला. पलीकडे भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्यात एक झाकणबंद रिकामा डबा दोरीसकट पडला होता. हवालदाराने तो पायाने बाजूला सारला. "जाळ्यांचे डबे असे वाहून येतात नेहमी."

शोधासाठी लाँच बोलावली. खाडीपलीकडे माणसं नेणारी ती एकच मोठी बोट गावात, आणि तिचा चालवणारा म्हणजे गावाचा लाडका कप्तान. तो लगेच आला. दोन खडकांच्या तोंडाशी, जिथे उथळ संपून खोल सुरू होतं, तिथे शिट्टीबाई सापडल्या. कप्तानाने चाकावरून हात न काढता खलाशाला खूण केली, खलाशाने उडी मारली आणि त्यांना वर घेतलं. पिकले, आखूड कापलेले केस कपाळाला चिकटले होते.

दुपारी सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी फौजदार बाईंना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मृत्यू बुडूनच झालाय," त्या म्हणाल्या. "पण खांद्यांवर बघा. मानेवर बघा. ही नखं आहेत. पाण्यात ही बाई एकटी नव्हती."

२

शिट्टीबाईंना मूलबाळ नव्हतं. बहिणीचा मुलगा लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलेला. आता तो बाजारात घड्याळं आणि फोन दुरुस्त करायचा. त्याचे डोळे रडून सुजले होते, पण फौजदार बाईंनी पाहिलं की प्रश्न विचारला की ते डोळे आधी दाराकडे जातात आणि मग उत्तर येतं.

"सकाळी कुठे होतास?"

"मित्राकडे."

मित्राला विचारलं, तर मित्र म्हणाला की तो आलाच नाही. उलट दीपगृहाच्या रस्त्यावर त्याला सायकलवरून जाताना पाववाल्याने पाहिलं होतं. बाईंनी त्याला पुन्हा समोर बसवलं.

"खोटं का बोललास?"

पोरगा टेबलाच्या कडेशी खेळत म्हणाला, "मी मावशीच्या मागावर होतो."

खोलीत हवालदाराचं पेन थांबलं.

"मागे दुकानात फोन आला. बाईचा आवाज. म्हणाली, तुझी मावशी दर रविवारी समुद्रावर कुणाबरोबर जाते ते जरा बघ. आणि ठेवला. मी हसलो आधी. पण मग माझं लक्ष जायला लागलं. दर रविवारी दोरीवर दोन टॉवेल वाळत असायचे. मी विचारलं, मावशी, दोन कशाला? तर म्हणाली, एक माझा, एक समुद्राचा. आणि हसली. मला ते हसणं आवडलं नाही."

"म्हणून पाळत ठेवलीस?"

"लोक बोलायला लागले होते, मॅडम. या वयात... असलं काहीबाही. मी मागे जायचो, पण ती दर वेळी वेगळ्याच पुळणीवर जायची. कधी दीपगृहामागे, कधी जुन्या बर्फाच्या कारखान्याखाली, कधी शिंपल्यांच्या पुळणीवर. आज मी दीपगृहाकडे गेलो. ती तिथे नव्हती."

"शनिवारी रात्री तुमचं भांडण झालं. शेजाऱ्यांनी ऐकलं."

"झालं." त्याचा आवाज बारीक झाला. "मी म्हणालो, तुझ्यामुळे मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. ती म्हणाली, थोडे दिवस थांब, सगळं कळेल. मी दार आपटून झोपलो. सकाळी ती गेली तेव्हा मी जागा होतो. पण बोललो नाही."

खोटं बोललेला माणूस, आदल्या रात्रीचं भांडण, सकाळी किनाऱ्याच्या रस्त्यावर एकटा. वरून साहेबांचा फोन आला: "अजून काय पंचांग बघताय? आत घ्या त्याला." फौजदार बाईंनी त्याला आत घेतलं. कोठडीचं दार लागताना त्याने एवढंच विचारलं, "मॅडम, ती कुणाबरोबर होती, ते कळलं का?"

खुनी माणूस हा प्रश्न विचारील का? बाईंच्या मनात पाल चुकचुकली. की विचारील, मुद्दामच?

३

हॉटेलमालक भेटला तो त्याच्या तरणतलावाच्या काठावर, अंगावर झगा, हातात फळांचा रस. केस कोळशासारखे काळे, भुवया मात्र पांढऱ्या.

"हो, माझं वाकडं होतं तिच्याशी," तो आपणहून म्हणाला. "मला पुळणीवर उतरणारी वाट बंद करायची होती, तिने गाव गोळा केलं. नगरपालिकेच्या सभेत मी म्हणालोही, एक दिवस पाय घसरून पडशील म्हणून. भर सभेत म्हणालो. खून करणारा माणूस आधी दवंडी पिटतो का, बाई?"

"सकाळी कुठे होतात?"

"इथेच, पाण्यात. रोज सकाळी पोहतो. सगळे पाहुणे न्याहारी करत बघत असतात. विचारा कुणालाही." त्याने रसाचा घोट घेतला. "मलाच एक कोडं आहे. ती बाई भूशिराला वळसा घालून पोहून यायची, भल्याभल्या पोरांना दम लागायचा. ती माझ्या या पुळणीवर काय करायला आली? इथे पाणी म्हणजे परात. पाहुण्यांची चिल्लीपिल्ली डुंबतात. काहीतरी पाणी मुरतंय इथे."

पाणी मुरत होतं खरं. पण कुठे, ते कळत नव्हतं. त्याची सकाळ खरी निघाली. साक्षीदार एकदोन नव्हे, सगळा भोजनकक्ष होता.

परत निघताना बाईंना माळी दिसला. तो कुंपणाची मेंदी कापत होता, पण कात्री चालत कमी आणि तो बघत जास्त होता.

"तुम्हाला काही सांगायचंय का?"

"तसं काही नाही." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "म्हणजे, सांगण्यासारखं आहे की नाही तेच कळेना. कपडे दिसायच्या आधी मी इथेच कापत होतो. इथून पुळण दिसत नाही, कठड्याशी जावं लागतं. तेव्हा खालून शिट्टी ऐकू आली."

"शिट्टी?"

"एकच. आणि तीही अर्धवट. सुरू झाली आणि मध्येच तोंड दाबल्यासारखी थांबली. मी कात्री थांबवून कान दिला. परत नाही आली. म्हटलं, पाहुण्यांची पोरं असतील."

फौजदार बाई जागीच थबकल्या. शिट्टी खडकावर होती, कपड्यांच्या वर, आणि नाडी कोरडी होती. म्हणजे ती पाण्यात गेलीच नव्हती. शिट्टीबाई पाण्यात असतील, तर काठावर उभं राहून ती वाजवली कुणी?

आणि जो कोणी माणूस मारायला आला होता, तो मदतीची शिट्टी कशाला वाजवील?

४

दुसऱ्या दिवशी बाई हवालदाराला घेऊन पुळणी बघत हिंडल्या. शिट्टीबाईंची पिवळी स्कूटर गावाला ओळखीची, त्यामुळे कोणत्या रविवारी ती कुठे उभी होती हे सांगणारे पुष्कळ भेटले. आणि प्रत्येक सांगणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू होतं. शिट्टीबाई गेल्या, पण त्यांच्यावरचा संशय अजून गावात टुणटुणीत होता.

दीपगृहामागची पुळण काळसर वाळूची, तिन्ही बाजूंनी भिंतीसारखे खडक. बर्फाच्या कारखान्याखाली जायला पडक्या नळांवरून उतरावं लागे. शिंपल्यांच्या पुळणीवर पाय टाकला की करकर आवाज यायचा. प्रत्येक ठिकाणी बाई वर रस्त्याकडे बघत, मग पाण्याकडे. हवालदार शेवटी दमून एका दगडावर टेकला.

"काय बघताय, मॅडम?"

"तुम्ही पट्टीचे पोहणारे असता तर इथे आला असता?"

"छे. गुडघाभर पाणी. इथे पोहायचं म्हणजे बादलीत सूर मारायचा." मग त्याने डोळा बारीक केला. "पण चोरून कुणाला भेटायचं असेल तर जागा झकास. वरून कावळ्यालासुद्धा दिसायचं नाही."

"भेटायलाच यायचं तर पोहण्याचे कपडे कशाला? दोघं भिजायची कशाला?"

हवालदार उठून बुटातली वाळू झटकू लागला.

संध्याकाळी बाई धक्क्यावर गेल्या. लाँच नुकतीच लागली होती. कप्तान शेवटच्या म्हातारीला हात देऊन उतरवत होता, तिची टोपलीही त्यानेच उचलली. निवृत्तीला टेकलेला माणूस, पण ताठ. शुभ्र गणवेश, लांब बाह्या, टोपीखाली काळेभोर केस. गावातल्या तीन पिढ्या याने पलीकडे नेल्या होत्या.

"भली बाई होती," तो म्हणाला. "ओळख म्हणाल तर लाँचवर येण्याजाण्यापुरती."

"तुम्ही त्यांना फार लवकर शोधलंत."

"ओहोटी चालू होती. ओहोटीला सगळं त्या तोंडाकडेच जातं. आणि ती जागा फसवी. पाणी छातीइतकं वाटतं, तोवर पायाखालची वाळू एकदम सुटते."

मागे दोर गुंडाळत असलेला खलाशी हसून म्हणाला, "उडी मात्र मलाच मारायला लागली. आमचे कप्तान पाण्यात उतरत नाहीत. पाणीच त्यांच्या पायाखाली असतं."

कप्तानही हसला. बाई हसल्या, हवालदार हसला. लाँचच्या कडेला धक्के खाण्यासाठी जुने टायर दोरांनी बांधले होते. बाईंची नजर सहज त्या गाठींवरून फिरली आणि पुढे गेली.

चौकीत परतल्यावर साहेबांचा निरोप होता: पोराला उद्या कोर्टात उभा करा.

५

सकाळी कोर्टाला अजून अवकाश होता. बाई हवालदाराला म्हणाल्या, "चला, हॉटेलखाली."

"आता तिथे काय राहिलंय?"

"पाणी राहिलंय. आपण सगळं पाहिलं, पाण्यात पाऊल मात्र टाकलं नाही."

ओहोटी होती. बाईंनी गणवेशाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, मग ती भिजलीच म्हणून तशाच पुढे गेल्या. हवालदार दोन पावलं पुढे, पोट सांभाळत. हॉटेलमालक म्हणाला होता तशी परातच होती. पाणी मांडीला, कमरेला, तळ सपाट. छातीपर्यंत आलं तेव्हा बाई थांबल्या. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी खात्यात कुणाला सांगितलेली नव्हती.

"बस्स, मॅडम," हवालदार म्हणाला. "सगळं सपाटच..."

बाईंनी आणखी एक पाऊल टाकलं आणि पायाखाली काही नव्हतंच.

डोळ्यांत हिरवा अंधार, नाकातोंडात खारट पाणी. मग हाताला काहीतरी लागलं आणि त्यांनी ते घट्ट धरलं, ओढलं, त्याच्यावर चढल्या. ते खाली गेलं. त्या आणखी चढल्या. कुणीतरी ओरडत होतं, पण ते ऐकण्याइतकंही भान नव्हतं. मग पाठीत एक जोरदार धक्का बसला, पाय वाळूला टेकले आणि त्या खोकत खोकत चार पायांवर किनाऱ्याला आल्या.

हवालदार मागून धापा टाकत आला. "शिट्टीबाईंनी शिकवलं होतं म्हणून वाचलो! बुडणाऱ्याच्या तावडीत सापडलात तर आधी स्वतः खाली बुडी मारा, मग तो सोडतो. नाहीतर आज दोघांचीही..." त्याने ओला सदरा काढला आणि पिळला.

त्याच्या खांद्यांवर, मानेवर लाल ओरखडे उठले होते.

बाई त्या ओरखड्यांकडे बघतच राहिल्या. बुडवणारा माणूस तळव्याने दाबतो. नखं लावतो तो बुडणारा.

"तो डबा कुठाय?" त्या ओरडल्या.

डबा अजून कचऱ्यातच होता. दोरीला फास केलेला, गच्च गाठ मारलेली. हवालदाराच्या पोटावरून तो जेमतेम सरकला. "पाठीला डबा बांधून शिकवायच्या त्या," तो हळूच म्हणाला. "आम्हालाही तसंच शिकवलं. पण हे माप पोराचं नाही, मॅडम. बाप्याचं आहे."

आता एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. ओल्या विजारीनेच बाई वाळूत बसल्या आणि बोलत गेल्या, हवालदाराला सांगण्यासाठी आणि स्वतःलाही.

"त्या कुणाला तरी शिकवत होत्या. म्हणून उथळ पुळणी. त्या माणसाला कुणी बघू नये, म्हणून दर वेळी वेगळी आणि रस्त्यावरून न दिसणारी. दुसरा टॉवेल त्याच्यासाठी. तो ओला टॉवेल घरी नेऊ शकत नव्हता, म्हणजे घरीही माहीत नव्हतं. त्या दिवशी पिवळा टॉवेल कोरडा राहिला, कारण पिवळा त्यांचा. त्या बाहेर आल्याच नाहीत. आला तो हिरव्यावाला."

चौकीत हिरवा टॉवेल वाळवायला टाकला होता. जाऊन बघितलं तर सुकलेल्या कापडावर काळपट डाग स्पष्ट उठून दिसत होते. हवालदाराने वास घेतला. "कलप! मॅडम, शिट्टीबाईंचे केस तर पांढरेशुभ्र. म्हणजे हॉटेलवाला?"

"तो सगळ्यांदेखत रोज पोहतो. त्याला डबा कशाला लागेल?" बाईंनी टॉवेलची घडी घातली. "मोठ्या माणसाने पोहायला शिकणं यात लाजण्यासारखं काय आहे? मला सांगा, या गावात असा कोण आहे, की ज्याला पोहता येत नाही हे कळलं तर त्याची सगळी अब्रूच पाण्यात जाईल?"

हवालदाराने तोंड उघडलं आणि मिटलं.

"पाणी छातीइतकं वाटतं, तोवर वाळू सुटते," बाई म्हणाल्या. "लाँच त्या पुळणीच्या आत येऊच शकत नाही, तळ लागेल. मालकालासुद्धा ठाऊक नसलेला तो खड्डा त्याला कसा कळला? मला आज कळला, तसाच. पायाने."

६

दुपारच्या फेरीआधी लाँच रिकामी होती. बंदर कचेरीच्या फळ्यावर नवी सूचना लावलेली होती: परवान्याच्या नूतनीकरणासाठी यापुढे प्रत्येक चालकाने अधिकाऱ्यांसमोर पोहून दाखवणं सक्तीचं. बाईंनी ती वाचली आणि फळी ओलांडून लाँचवर चढल्या. बरोबर आणलेला डबा त्यांनी बाकावर ठेवला. त्यावरची गाठ आणि कडेच्या टायरांवरच्या गाठी, जुळ्या बहिणी.

कप्तानाने डबा पाहिला, पण काही विचारलं नाही.

"कप्तान, एकच प्रश्न," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पोहता येतं?"

खलाशी खो खो हसला. "काय मॅडम, कप्तानांना..." मग त्याने आपल्या मालकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गळून पडलं.

कप्तान सावकाश बाकावर बसला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. भांगाच्या रेषेत केसांची मुळं पांढरी दिसत होती.

"नाही," तो म्हणाला.

त्याने टोपीची कड बोटांत धरली.

"बापाबरोबर लहानपणी बोटीवर चढलो. पाण्याची भीती तेव्हापासूनची. येईल कधीतरी म्हणून सोडून दिलं, मग विचारायचं वय गेलं. मागे धक्क्यावर एक मूल पाण्यात पडलं. या खलाशाने उडी मारली, मी चाक धरून उभा. लोकांना वाटलं, कप्तान लाँच सांभाळतोय. एका माणसाला मात्र कळलं. शिट्टीबाई धक्क्यावर होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, रविवारी दीपगृहामागे या. कुणाला कळणार नाही."

"आणि कुणाला कळलं नाही."

"लहान मुलाला शिकवावं तशा शिकवत होत्या. हसल्या नाहीत कधी. परवा म्हणाल्या, आज डबा सोडा, जमतंय तुम्हाला. आणि जमत होतं हो! चार हात मारले मी. मग थकून पाय टेकवायला गेलो आणि..." त्याने बाह्या वर केल्या. मनगटांवर निळे वळ होते. "त्या मला काठाकडे लोटत होत्या. मी त्यांच्यावर चढत होतो. मला कळत होतं की मी काय करतोय आणि हात थांबत नव्हते. पाय टेकले तेव्हा मी एकटाच होतो."

"त्या कुठे होत्या?"

"दिसत होत्या. तोंडाशी. हात एकदा वर आला."

फौजदार बाईंचा आवाज खाली आला. "शिट्टी तुम्ही वाजवलीत."

"फुंकली. वर माळ्याची कात्री चालू होती, ती थांबली. आता तो कठड्याशी येणार, मला बघणार, अंगावर ओले कपडे... माझ्या तोंडातून शिट्टी खाली आली. मी ती आणली नाही, बाई, ती आपोआप आली. कात्री परत चालू झाली. मी पुन्हा पाण्याकडे बघितलं तेव्हा हात नव्हता."

"मग अंग पुसलंत."

"सवयीने. टॉवेल पिशवीत ठेवला. सवयीने."

"तुम्हाला पोहता येत नव्हतं, त्याला कुणी काही म्हणालं नसतं," बाई म्हणाल्या. "हाक तर मारता येत होती. आणि नंतर? तुम्ही लाँच घेऊन परत आलात, सरळ त्या जागेवर गेलात, सलाम घेतलेत. त्यांचं पोर माझ्या कोठडीत बसलंय. गाव त्यांच्या नावाने खिदळतंय. एक शब्द बोलला असता तर दोन्ही थांबलं असतं."

कप्तानाने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे कळलं नाही. खलाशी तोंड फिरवून पाण्याकडे बघत उभा होता. धक्क्यावर दुपारच्या फेरीची माणसं जमू लागली होती आणि लाँच का सुटत नाही म्हणून माना उंच करत होती.

७

भाच्याला दुपारीच सोडलं. सगळं ऐकल्यावर तो चौकीच्या पायरीवर मटकन बसला.

"म्हणजे ती कुणाकडे..."

"शिकवायला जात होती. जन्मभर जे केलं तेच करत होती."

"ती म्हणाली होती, थोडे दिवस थांब," तो म्हणाला आणि हवालदाराच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. ओरखडे झोंबत असतानाही हवालदार हलला नाही.

कोणतं कलम लागेल यावर साहेबांशी फोनवर बोलणं चालू असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. साधं लुगडं, हातात जेवणाचा डबा. कप्तानाची बायको. बाईंनी फोन ठेवला.

"बसा."

ती बसली नाही. "दुकानात फोन मी केला होता," ती म्हणाली. "त्या पोराला."

फौजदार बाईंनी कागद पुढे ओढला.

"दर रविवारी हे लवकर उठून जायचे. यायचे ते केस ओले, अंगाला खारट वास. विचारलं तर म्हणायचे, लाँच धुतली. एकदा मी त्यांच्या मागे गेले, तर शिंपल्यांच्या पुळणीपाशी ती पिवळी स्कूटर. पुढे गेलेच नाही. काय बघायचं राहिलं होतं? फोन केला, शेजारणींना सांगितलं. गावात जे पसरलं ते माझ्यापासून पसरलं, बाई. रविवारी ती गेल्याचं कळलं तेव्हा..." तिने ओठ आवळले. "तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. आता सांगते, कारण पुन्हा कुणालाही सांगू शकेन असं वाटत नाही."

बाईंनी तिला पाणी दिलं. तिने पेला हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"भेटू द्याल का?"

नियमात बसत होतं की नाही, बाईंनी पाहिलं नाही. त्यांनी स्वतः कोठडीपर्यंत तिला नेलं. कप्तान भिंतीला टेकून बसला होता. टोपी नसलेला तो एकदम म्हातारा दिसत होता. बायकोला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला, मग तोंड लपवलं.

ती गजांपाशी उभी राहिली. बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना.

"अहो, मला का नाही सांगितलंत?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आमचं घर नदीकाठी होतं. मी आणि माझ्या बहिणी, आम्ही रोज पलीकडच्या तीराला पोहून जायचो. लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हाच मला पोहता येत होतं." तिने डबा खाली ठेवला. "तुम्ही कधी विचारलंच नाही."